वंगणाची पत्रं: बॅरलपासून बेअरिंगपर्यंत

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं तेल आणि ग्रीसची आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलते. नव्या वाचकांसाठी सांगते, अवजड यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये २८ वर्षं मी तेल तपासण्याचं काम केलं. डंपर, डोझर, लोडर, पोकलेन यांच्या पोटातलं तेल छोट्या बाटलीतून माझ्या टेबलावर यायचं आणि यंत्र न उघडता आत काय चाललंय ते मी सांगायचं. उत्तरं त्याच अनुभवातून देते आहे.

प्रश्न: ताई, माझ्याकडे एकाच मॉडेलची दोन पोकलेन मशीन आहेत. दोन्हींत पहिल्या दिवसापासून एकच नावाजलेलं हायड्रॉलिक ऑइल घालतो. एका मशीनचे ११,००० तास झाले, पंपाला हात लावावा लागला नाही. दुसऱ्याचा मेन पंप ६,२०० तासांना गेला. मिस्त्री म्हणतो, साधं तेल घातलं असतं तरी हेच झालं असतं. मग चांगल्या तेलाचा उपयोग काय?
— एक यंत्रमालक

उत्तर: दादा, तुमच्या पत्रात तेलाचं नाव आहे, ग्रेड आहे, बदलल्याच्या तारखासुद्धा आहेत. पण बॅरलमधलं तेल मशीनच्या टाकीत कसं जातं, ते कुठेच नाही. मला सगळ्यात आधी तेच विचारायचं आहे.

लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये काहीतरी निसरडं, एवढंच आपण तेलाबद्दल समजतो. प्रत्यक्षात तेल भार उचलतं. इंग्लंडमध्ये १८८३च्या सुमाराला बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरायला लागला तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर येऊ लागलं. बूच मारलं, तेही टिकेना. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं आत ओढतो आणि त्या दाबावर अख्खा भार तरंगतो, हे त्यातून कळलं. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. तुमच्या इंजिनचा क्रँकशाफ्ट आजही त्याच पाचरीवर तरंगतो, आणि मेन पंपातले पिस्टनही ३५० बारच्या आसपासच्या दाबाखाली तेलाच्या थरावरच सरकतात.

आता हा थर किती जाड? मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचं काही दिसत नाही. पंपातल्या आणि व्हॉल्व्हमधल्या फटी मात्र काही मायक्रॉनच्याच असतात. फटीहून मोठा कण आत शिरत नाही, फारच बारीक असेल तो निघून जातो. फटीएवढाच असतो तो दोन्ही बाजूंना ओरखडत जातो आणि त्या ओरखड्यातून निघालेला लोखंडाचा चुरा पुढे तेच काम करतो. म्हणजे पंप खाणारा कण तुम्हाला कधी दिसणारच नाही. बोटावर तेल घेऊन, उजेडात धरून ‘स्वच्छ आहे’ म्हणणारे फार लोक मी पाहिले. त्या पाहण्यातून पंपाला उपयोगाचं काहीच कळत नाही.

तेलाची स्वच्छता मोजायला आयएसओ ४४०६ हे माप आहे. त्यात तीन आकडे येतात: एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनहून मोठे कण किती, याचे. आकडा एकाने वाढला की कणांची संख्या दुप्पट. पिस्टन पंपाला १८/१६/१३च्या आसपासचं तेल मानवतं. यातला १८ म्हणजे ४ मायक्रॉनहून मोठे १,३०० ते २,५०० कण. तोच आकडा २१ झाला तर १०,००० ते २०,०००. आणि सील न तोडलेल्या बॅरलमधलं नवं तेलसुद्धा पुष्कळदा १८/१६/१३ मध्ये बसत नाही. हे मी स्वतः इतक्या वेळा मोजलं आहे की ‘नवं म्हणजे स्वच्छ’ हे वाक्य ऐकलं की मी थांबवते.

एकदा आठवड्याभरात तीन मशीनच्या हायड्रॉलिक तेलात पाणी निघालं. तीन मशीनचे सील एकदम कसे जातील? टाकीची झाकणं पाहिली, ब्रीदर, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर जायची गाळणी, पाहिले, काही सापडेना. शेवटी स्टोअरच्या मागे गेले. बॅरल उघड्यावर उभी करून ठेवलेली, वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचलेलं, आणि त्या पाण्याखाली बूच. बूच घट्ट होतं, सील शाबूत होतं. तरी पाणी आत गेलं होतं. दिवसा बॅरल तापतं, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांमधून बाहेर पडते. रात्री गार झालं की बॅरल हवा परत ओढतं आणि बुचावर पाणी असेल तर पाणी ओढतं. तेल उत्तम होतं, आमच्या आवारात उभं असताना बिघडलं. त्या दिवसापासून मी नमुन्याच्या बाटलीइतकंच लक्ष स्टोअरवर ठेवलं.

म्हणून बॅरल छपराखाली ठेवा. उघड्यावर ठेवावीच लागली तर आडवी ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी. मग बुचं आतून तेलात बुडलेली राहतात, हवा ओढायला जागा उरत नाही. तेल भरायला उघडी बादली आणि नरसाळं नको. फिल्टर लावलेला छोटा पंप ठेवा आणि त्याच्या पाइपची तोंडं काम झालं की झाका. टाकीच्या झाकणाभोवतीची माती पुसल्याशिवाय झाकण उघडू नका. ब्रीदर हा शब्द लोकांच्या यादीतच नसतो. सिलिंडर आत-बाहेर होताना टाकीतल्या तेलाची पातळी खाली-वर होते, तसतशी टाकी श्वास घेते. तो श्वास धुळीतून घ्यायचा की गाळून, ते ब्रीदरवर ठरतं.

मिस्त्रींच्या म्हणण्याबद्दल. चांगल्या तेलात झीज रोखणारं झिंकचं रसायन मोजून घातलेलं असतं, ते पाणी आणि हवा लवकर सोडतं, तापलं तरी एकदम पाण्यासारखं पातळ होत नाही, आणि बरेच तास आंबत नाही. हे सगळं खरं आहे आणि तुमच्या ११,००० तासांत त्याचा वाटा आहे. पण धूळ दळणं थांबवणारं रसायन कुठल्याच तेलात नसतं. दुसऱ्या मशीनचा ब्रीदर आणि तेल भरायची बादली या दोन गोष्टी आजच पाहा. आणि नवा पंप बसवण्याआधी टाकी, पाइप, कूलर धुऊन घ्या. जुन्या पंपाचा चुरा तिथेच बसलेला असतो. हे केलं नाही तर नवा पंपही त्याच चुऱ्याने जाईल.

प्रश्न: इंजिन ऑइल बदललं की २० तासांत काळं होतं. मालक म्हणतात, तेल भेसळीचं आहे किंवा मी बदललंच नाही. मी काय सांगू?
— एक डंपर ऑपरेटर

उत्तर: दादा, मालकांना हे पान दाखवा. डिझेल जळताना काजळी होते आणि तिचा काही भाग पिस्टनच्या रिंगांच्या कडेने तेलात येतो. चांगल्या तेलातलं रसायन तिचे कण सुटे सुटे धरून ठेवतं, त्यामुळे तेल काळं दिसतं. जे तेल काजळी धरत नाही ते जास्त वेळ पिवळं दिसेल, पण मग काजळी ऑइल चेंबरच्या तळाशी आणि झडपांच्या जागी गाळ होऊन बसेल. शिवाय बदलताना थोडं जुनं तेल आत राहतंच.

रंगापेक्षा तेलाची पातळी आणि वास पाहा. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर किंवा डिझेल पंपाकडून डिझेल तेलात मिसळतंय. पातळ झालेलं तेल थर धरू शकत नाही, तिथे मशीन थांबवायलाच हवं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आहे. आणि गाळणकागदावर गरम तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवून पाहा. काळा डाग कडेपर्यंत सारखा पसरला असेल तर तेल अजून काजळी धरून आहे. मध्ये गडद ठिपका आणि भोवती स्वच्छ कडं असेल तर तेलाची ताकद संपली.

प्रश्न: मॅडम, मी शिकाऊ मेकॅनिक आहे. एका कॅनवर १५डब्ल्यू-४०, दुसऱ्यावर ४६, तिसऱ्यावर ९० असं असतं. जास्त आकडा म्हणजे जास्त जाड ना? मग एकच मधलं तेल सगळीकडे का चालत नाही? स्टोअर सांभाळणं किती सोपं होईल.

उत्तर: आकडा वाढला की जाडी वाढते हे बरोबर, पण हे तीन आकडे तीन वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. हायड्रॉलिक ऑइलचा ४६ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला ४६ सेंटिस्टोक, हे जाडीचं माप. इंजिन ऑइलचा ४० हा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेला वर्ग आहे, तो १०० अंशाला मोजतात आणि तिथे तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये असावं लागतं. म्हणजे ४० आकड्याचं इंजिन ऑइल ४६च्या हायड्रॉलिक ऑइलपेक्षा बरंच जाड असतं. १५डब्ल्यू हा थंडीतल्या सुरुवातीचा भाग. गिअर ऑइलची पट्टी आणखी तिसरीच.

आणि जाडी जुळली म्हणजे तेल जुळलं असं नाही, बाळा. प्रत्येक जागेचं काम वेगळं. इंजिनच्या तेलाला काजळी आणि आम्ल सांभाळायचं असतं. सीआय-४, सीके-४ ही अक्षरं त्यासाठी. सीके-४ हा वर्ग २०१६च्या अखेरीस आला, धुराचा फिल्टर असलेल्या नव्या इंजिनांना सोसेल इतपतच राख त्यात होऊ देतात. डिफरन्शियलच्या दातांवर दाब इतका असतो की तेलाचा थरच फाटतो, म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, ती धातूवर पापुद्रा धरतात. हीच रसायनं काही गिअर बॉक्समधल्या पितळी भागांना खातात, म्हणून पुस्तिकेत गिअर ऑइलचा वर्ग जीएल-४ लिहिला असेल तिथे जीएल-५ ‘वरचं आहे’ म्हणून घालू नका. तेलात बुडालेले ब्रेक असतात तिथे तर गंमत उलटी. तिथल्या चकत्यांना ठरावीक घर्षण हवंच असतं. न जुळणारं तेल घातलं तर ब्रेक कर्कश ओरडतो, आणि ते फार निसरडं असेल तर घसरतो, चकत्या जळतात. ‘सगळीकडे एकच’ करून जळलेल्या चकत्या मी हातात धरून पाहिल्या आहेत.

स्टोअर सोपं करायचं असेल तर प्रत्येक तेलाला एक रंग द्या. बॅरलला, भरायच्या भांड्याला आणि मशीनच्या झाकणाला त्याच रंगाचा ठिपका. अक्षरं न वाचणारा हेल्परसुद्धा मग चुकत नाही.

प्रश्न: ग्रीस लाल चांगलं की निळं? बकेटच्या पिनला किती स्ट्रोक मारायचे?

उत्तर: रंग नुसता टाकलेला असतो, त्यावरून काहीच कळत नाही. ग्रीस म्हणजे मुळात तेलच, जाडसर साबणात धरून ठेवलेलं. काम तेल करतं, साबण त्याला जागेवर धरतो. हा साबण कोणता, लिथियमचा की कॅल्शियमचा, की साबणाऐवजी पॉलियुरिया आहे, ते डब्यावर वाचा. दोन न जुळणारे साबण एकत्र आले की ग्रीस पातळ होऊन वाहून जातं किंवा कडक होऊन बसतं. बदलायचंच असेल तर जुनं पूर्ण बाहेर निघेपर्यंत नवं मारा. बूम-बकेटच्या पिनांना बहुधा दोन नंबरच्या घट्टपणाचं, मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस सांगतात, कारण तिथे पिन पूर्ण फिरत नाही, नुसती झुलते. झुलणाऱ्या पिनखाली टॉवरांची ती पाचर तयार होत नाही.

स्ट्रोक मोजू नका. बकेट जमिनीवर टेकवून पिनवरचा भार काढा, निपल पुसा, आणि कडेने ताजं ग्रीस दिसेपर्यंत मारा. बाहेर आलेली ती कड माती अडवते. इलेक्ट्रिक मोटरच्या बेअरिंगला मात्र हा नियम लावू नका, तिथे जास्त ग्रीस म्हणजे उष्णता आणि फाटलेलं सील. तिथे पुस्तिकेत दिलेले ग्रॅमच द्या.

एक गोष्ट विचारली नसलीत तरी सांगते, कारण ती यंत्राहून मोठी आहे. ग्रीस गनचा किंवा हायड्रॉलिक पाइपच्या बारीक गळतीचा फवारा कातडीतून आत शिरू शकतो. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. तेवढ्यावर घरी जाऊ नका. ताबडतोब इस्पितळात जा आणि ‘दाबाने तेल आत गेलंय’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. उशीर झाला तर बोट, हात गमवावा लागतो. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा.

प्रश्न: सिंथेटिक तेल घातलं तर २५० तासांऐवजी ५०० तासांनी बदललं तर चालेल का?
— एक वर्कशॉप प्रमुख

उत्तर: चालेल की नाही ते त्या मशीनच्या तेलाचा अहवाल सांगेल. सिंथेटिक तेल उष्णतेत जास्त टिकतं, थंडीत लवकर पोचतं, हे खरं. तेल किती तापतं यावर त्याचं आयुष्य ठरतं. साधारण दर १० अंशांनी तापमान वाढलं की तेल आंबण्याचा वेग दुप्पट होतो, असा आमचा ठोकताळा आहे. पण तेल टिकलं म्हणून त्यात आलेली धूळ, काजळी, डिझेल कमी होत नाही.

एकदम ५०० वर जाऊ नका. २५०, ३२५, ४०० असं जा आणि दर वेळी नमुना काढा. इंजिन गरम असताना, दर वेळी एकाच जागेवरून, फिल्टरच्या आधीचं, आणि धार सुरू झाल्यावर थोडं सोडून मग. अहवालात आम्ल मारण्याची ताकद, म्हणजे टीबीएन, नव्या तेलाच्या निम्म्यावर आला की तिथेच थांबा.

आणि सुटा आकडा पाहू नका. ही चूक माझी आहे, म्हणून सांगते. एका लोडरच्या इंजिन तेलात सिलिकॉन, म्हणजे धुळीत असतं ते मूलद्रव्य, १२ पीपीएम (दहा लाखांत १२ भाग) आलं, पुढच्या वेळी १९, मग २७. आमच्या तक्त्यात मर्यादा त्याहून वर होती, लोह तर फारच कमी. मी तिन्ही अहवालांवर ‘ठीक’ लिहिलं. चौथ्या नमुन्यात सिलिकॉन ६१, लोह एकदम चढलेलं, बरोबर ॲल्युमिनियम आणि क्रोमियम. इंजिन उघडलं तेव्हा लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, झिजून आरशासारखे झाले होते आणि रिंगांची कड धारदार. एअर फिल्टर नवाकोरा होता. फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीला क्लिपखाली चीर होती आणि इंजिन तिथून गाळलेलीच नसलेली हवा ओढत होतं. धुळीतला क्वार्ट्झ पोलादाहून कठीण. तिसऱ्या अहवालाला मी फोन केला असता तर एका नळीवर निभावलं असतं. आकडा मर्यादेत होता, पण दर वेळी वाढत होता, आणि वाढतोय हे माझ्यासमोर लिहिलेलं होतं. ते इंजिन मी विसरलेले नाही.

तेव्हापासून सिलिकॉन वाढलं की मी आधी ॲल्युमिनियम पाहते. दोन्ही बरोबर चढले तर धूळ. सिलिकॉन एकटंच असेल आणि इंजिन नुकतंच जोडलेलं असेल, तर ते गॅस्केटच्या लेपातून आलेलं असू शकतं. शिसं, कथील, तांबं चढलं तर बेअरिंग. सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर बहुधा कूलंट. आणखी एक: हे मोजणारं यंत्र साधारण ८ मायक्रॉनहून मोठे कण नीट मोजू शकत नाही. बेअरिंगचे पापुद्रे सुटायला लागले तरी अहवाल शांत राहू शकतो. म्हणून जुना फिल्टर फेकण्याआधी कापा, त्याचा कागद उलगडून उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, नाही चिकटले तर बहुधा बेअरिंगचा नरम धातू.

प्रश्न: ताई, सोबत अहवाल पाठवला आहे. लोह ४८, तांबं ९, सिलिकॉन १४. इंजिन खोलावं का?

उत्तर: दादा, तेल किती तास चाललेलं होतं ते लिहिलेलं नाही. ६० तासांत ४८ असेल तर मला काळजी वाटेल, ४०० तासांत ४८ असेल तर इंजिन सुखात आहे. आधीचे दोन अहवाल, तेलाचे तास, इंजिनचे तास आणि मध्ये किती लिटर वरून घातलं एवढं कळवा. तोवर इंजिन खोलू नका. पण एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या सगळ्या क्लिपा मात्र आज संध्याकाळीच हाताने तपासून घ्या.